रिंगणावरचा उजेड

घोडेस्वारीच्या रिंगणावरचे दिवे एकाच वेळी दोन जिवांसाठी लागलेले असतात, आणि त्या दोघांचे डोळे सारखे नाहीत. पुढच्या अडथळ्याचा दांडा किती अंतरावर आणि किती उंचीवर आहे, हे स्वाराला धावत्या घोड्यावरून क्षणात ताडावे लागते. घोड्याला मात्र त्या दांड्याखालचा काळा पट्टा ही सावली आहे, खड्डा नाही, याची खात्री पटावी लागते. फुटबॉलच्या किंवा कबड्डीच्या मैदानाला दिवे बसवणाऱ्या कंत्राटदाराच्या हिशेबात फार तर स्वार असतो, घोडा नसतो. म्हणून डोळे दिपवणाऱ्या उजेडातही घोडे बुजतात, रोज एकाच कोपऱ्याशी अडतात, आणि दोष शिकवणाऱ्यावर किंवा जनावराच्या स्वभावावर जातो. बहुतेक वेळा उजेड कमी पडलेला नसतो. तो सारखा पडलेला नसतो.

रात्रीच्या सरावाची गरज मुळात उन्हाने निर्माण केली. घोड्याच्या अंगात स्नायूंचा भार मोठा, त्या मानाने उष्णता बाहेर टाकणारी कातडी कमी. दमट हवेत भर दुपारी त्याला पळवणे धोक्याचे असते. २००८ सालच्या बीजिंग ऑलिंपिकमधली घोडेस्वारी हाँगकाँगला झाली, तेव्हा शा टिन इथल्या फेऱ्या भल्या सकाळी किंवा सूर्यास्तानंतर ठेवल्या होत्या. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ मध्ये भर उन्हाळ्यात झाले. तिथेही बाजी कोएनच्या मैदानावर ड्रेसाज (शिस्तबद्ध चालींची परीक्षा) आणि शो जंपिंग (अडथळ्यांवरच्या उड्या) संध्याकाळी, दिव्यांखाली झाले. २ ऑगस्टच्या संध्याकाळी बंगळुरूचा फवाद मिर्झा याच मैदानावर इव्हेंटिंग या तिहेरी स्पर्धेच्या अंतिम फेरीत उतरला आणि तेविसावा आला. दुसऱ्या दिवशीच्या शो जंपिंगमध्ये दहाव्या अडथळ्याशेजारी सुमो मल्लाचा पुतळा उभा होता. त्याला पाहून घोडे बिचकतात, अशी तक्रार काही स्वारांनी केली. जगभर फिरलेले, निष्णात घोडेसुद्धा अनोळखी आकारापुढे दबकतात, हे त्या रात्री सगळ्यांना दिसले. मुंबई-पुण्याकडच्या रायडिंग क्लबांची अडचण अधिक साधी आहे. शाळा आणि कचेऱ्या सुटतात तेव्हा हिवाळ्यात सूर्य मावळलेला असतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत सूर्य मावळेपर्यंत घोडा बाहेर काढवत नाही.

घोड्याचा डोळा जमिनीवरच्या सस्तन प्राण्यांत सर्वांत मोठ्या डोळ्यांपैकी एक आहे. तो डोक्याच्या बाजूला बसवलेला असल्याने मान न वळवताही घोड्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. शेपटीमागचा एक पट्टा आणि कपाळाच्या अगदी पुढची थोडी जागा एवढेच काय ते सुटते. मात्र दोन्ही डोळ्यांनी मिळून, अंतराचा नीट अंदाज येईल असे दिसते ते फक्त समोरच्या साधारण ६५ ते ८० अंशांत. बाकीचे जग एकेका डोळ्याने दिसते. त्या डोळ्याला हालचाल चटकन टिपता येते, पण बारकावे तितकेसे कळत नाहीत. गवत चरताना क्षितिजावरचे जनावर हेरायला हा डोळा उत्तम. मात्र रिंगणाबाहेर वाऱ्यावर हलणारी प्लॅस्टिकची पिशवी, किंवा भिंतीवर आपल्याबरोबर पळणारी स्वतःचीच लांबलचक सावली त्याच डोळ्याला शत्रू वाटू शकते.

अंधुक उजेडात पाहण्यात घोडा माणसाच्या पुढे आहे. त्याच्या दृष्टिपटलात मंद प्रकाश टिपणाऱ्या पेशी रंग ओळखणाऱ्या पेशींच्या साधारण वीसपट असतात. शिवाय मागे एक परावर्तक थर असतो. आत आलेला उजेड त्यावरून उलटून पेशींवर पुन्हा पडतो. रात्री गाडीच्या दिव्यात जनावरांचे डोळे चमकतात ते याच थरामुळे. पण हेच यंत्र उजेडातून अंधारात किंवा अंधारातून उजेडात जाताना मंद चालते. माणसाचे डोळे काळोखाला पुरते सरावायला वीस-तीस मिनिटे घेतात. घोड्याला त्याहून अधिक वेळ लागतो. लख्ख रिंगणातून एकदम काळोख्या बोळात नेलेला घोडा त्या क्षणी जवळजवळ आंधळा असतो. रिंगणाच्या अर्ध्या भागात प्रखर उजेड आणि अर्ध्यात काळोख असेल, तर प्रत्येक फेरीला तो हा फटका दोनदा खातो.

रंगांच्या बाबतीतही फरक आहे. माणसाच्या डोळ्यात रंगपेशींचे तीन प्रकार असतात, घोड्याच्या डोळ्यात दोनच. निळा आणि पिवळा त्याला वेगळे दिसतात. लाल, नारिंगी आणि हिरवा यांतला फरक पुसट होतो. ब्रिटनमधल्या अडथळ्यांच्या शर्यतींत कुंपणाच्या पायथ्याच्या फळ्या वर्षानुवर्षे नारिंगी असत, कारण माणसाला तो रंग दुरून दिसतो. एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधनाने घोड्याच्या नजरेतून ही कुंपणे तपासली. हिरव्या गवतावर नारिंगी रंग घोड्याला जेमतेम उठून दिसतो, असे आढळल्यावर २०२२ पासून तिथे पांढरा रंग आणायला सुरुवात झाली. रात्रीच्या रिंगणात तर हे आणखी महत्त्वाचे. हिरवळीवर लाल पट्ट्यांचे दांडे ठेवून दिवे वाढवत बसण्यापेक्षा पांढरे, निळे, पिवळे दांडे वापरणे स्वस्तात पडते.

उजेड मोजण्याचे एकक लक्स. एक चौरस मीटर जागेवर एक ल्युमेन उजेड पडला, की एक लक्स. भर उन्हात जमिनीवर लाखभर लक्स असतात, कचेरीतल्या टेबलावर तीनशे ते पाचशे, चांगल्या रस्त्यावर रात्री दहा-वीस, आणि पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सही नसतो. युरोपातल्या खेळाच्या प्रकाशयोजनेच्या मानकात बंदिस्त रिंगणासाठी तीन पायऱ्या सांगितल्या आहेत. शिकवणी आणि करमणुकीसाठी सरासरी २०० लक्स, स्थानिक स्पर्धांसाठी ३००, वरच्या दर्जाच्या स्पर्धांसाठी ५००. दूरचित्रवाणीचे कॅमेरे आले की गणितच बदलते; त्यांना हजाराच्या पुढचा उजेड लागतो, आणि तोही उभ्या पृष्ठभागावर. आपल्याकडच्या उघड्या रिंगणात शिकाऊ स्वारांची दुडकी चाल आणि साधा सराव शंभर-दीडशे लक्सांतही नीट चालतो. उड्यांचा सराव असेल तर दोनशेच्या खाली जाऊ नये.

आकडा सरासरीचा आहे, हे मात्र विसरता कामा नये. खांबाखाली ४०० लक्स आणि मधोमध ६० लक्स असलेल्या रिंगणाचीही सरासरी कागदावर २०० भरू शकते. म्हणून सरासरीशेजारी दुसरा आकडा मागावा लागतो: सर्वांत कमी उजेडाला सरासरीने भागल्यावर येणारे गुणोत्तर. सरावाच्या रिंगणात ते ०.५ तरी असावे, स्पर्धेच्या रिंगणात ०.७ कडे जावे. सरासरी २०० असेल, तर कुठल्याही कोपऱ्यात १०० च्या खाली उजेड नसावा, एवढाच त्याचा अर्थ. पैसे मोजकेच असतील, तर ३०० लक्सांच्या ठिपकेदार उजेडापेक्षा १५० लक्सांचा सपाट उजेड घ्यावा. घोड्याच्या दृष्टीने या दोहोंत तुलनाच नाही.

दिवे किती लागतील, याचा ढोबळ हिशेब कुणालाही घरी करता येतो. ड्रेसाजचे पूर्ण रिंगण ६० मीटर लांब आणि २० मीटर रुंद, म्हणजे १,२०० चौरस मीटर. तिथे २०० लक्स हवे असतील, तर जमिनीवर २,४०,००० ल्युमेन पोचायला हवेत. दिव्यातून निघालेला सगळा उजेड रिंगणात पडत नाही. काही कुंपणाबाहेर जातो, काही हवेत. उघड्यावर साधारण निम्मा कामी येतो असे धरावे. शिवाय धुळीने आणि वयाने दिवा मंदावतो, त्यासाठी ०.८ चा गुणक. ०.५ आणि ०.८ यांचा गुणाकार ०.४, त्याने २,४०,००० ला भागले की सहा लाख ल्युमेन. एका वॅटला १२५ ल्युमेन देणारा २०० वॅटचा एलईडी दिवा २५,००० ल्युमेन देतो. असे २४ दिवे पुरतात. दोन्ही लांब बाजूंना चार-चार खांब, प्रत्येक खांबावर तीन दिवे. एकूण भार ४.८ किलोवॅट, म्हणजे रोज तीन तास दिवे चालले तर साडेचौदा युनिटांच्या आसपास वीज. ४० बाय २० मीटरच्या लहान रिंगणाला १०० लक्स पुरणार असतील, तर हेच गणित २०० वॅटच्या आठ दिव्यांवर येते. अंतिम आराखडा संगणकावर, प्रत्यक्ष दिव्याच्या प्रकाशवितरणाची फाइल वापरूनच काढायला हवा. पण एवढा हिशेब हाताशी असला की बारा दिव्यांत पूर्ण रिंगण उजळून देतो म्हणणाऱ्याला दोन प्रश्न विचारता येतात.

जमिनीचा रंगही हिशेबात धरावा लागतो. फिकट, कोरडी वाळू बराच उजेड परत वर फेकते, आणि तो घोड्याच्या पोटाखालची, अडथळ्यांच्या मागची सावली मऊ करतो. रबराचे तुकडे मिसळलेली काळपट जमीन तोच उजेड गिळून टाकते. वाळूवर पाणी मारले की तीही काळवंडते. धूळ बसवायला रोज पाणी मारावे लागतेच, त्यामुळे मापन ओल्या जमिनीवर केलेले खरे.

खांबांच्या उंचीवर सर्वांत जास्त कंजूषी होते आणि तिथेच सर्वांत जास्त नुकसान होते. घोड्यावर बसलेल्या स्वाराचे डोळे जमिनीपासून सुमारे अडीच मीटरवर असतात, म्हणजे पायी चालणाऱ्या माणसापेक्षा मीटरभर वर. पाच मीटरच्या खांबावरचा दिवा त्याला जवळजवळ समोरूनच भिडतो. कुंपणापासून दोन मीटर बाहेर खांब आहे आणि दिव्याचा रोख रिंगणाच्या आत बारा मीटरवर धरला आहे, असे समजू. म्हणजे खांबाच्या बुडापासून अंतर १४ मीटर. आठ मीटरच्या खांबावरून हा झोत उभ्या रेषेशी ६० अंशांचा कोन करतो. पाच मीटरच्या खांबावरून तोच कोन ७० अंशांवर जातो. ६५ अंशांपलीकडे गेलेला झोत डोळ्यांत घुसतो, हा अनुभवाचा दंडक आहे. म्हणून वीस मीटर रुंदीच्या रिंगणाला आठ ते दहा मीटरचे खांब योग्य. दिव्यांची काच जमिनीला समांतर राहील आणि झोत आतूनच एका बाजूला वळलेला असेल, असे असममित झोताचे दिवे मिळतात. ते थोडे महाग पडतात, पण वर मान करून पाहणाऱ्या दिव्यापेक्षा कितीतरी बरे.

खांब नेहमी कुंपणाबाहेर हवेत. शक्यतो दीड-दोन मीटर दूर, म्हणजे उधळलेल्या घोड्यावरून पडलेला स्वार त्यांच्यावर आपटणार नाही. फक्त चार कोपऱ्यांत चार उंच खांब उभारण्याची पद्धत क्रिकेटच्या मैदानावरून उचललेली आहे. रिंगणात ती वाईट ठरते, कारण कोपऱ्याकडे जाणाऱ्या प्रत्येक घोड्याच्या डोळ्यात समोरून झोत येतो. ड्रेसाजमध्ये तर मुख्य परीक्षक आखूड बाजूच्या मधोमध, रिंगणाच्या कडेला लावलेल्या अक्षरांपैकी ‘सी’जवळ बसतात, आणि घोडा मधल्या रेषेवरून थेट त्यांच्याकडे चालत येतो. त्यांच्या पाठीमागे किंवा डोक्यावर दिवा असेल, तर घोडा आणि स्वार दोघांचेही डोळे दिपतात. दिवे लांब बाजूंनीच यावेत, आणि दोन्ही बाजूंनी यावेत. एकाच बाजूने उजेड दिला की अडथळ्याची एक बाजू उजळते आणि दुसरीकडे दाट सावली पडते. पलीकडून उडी घेणाऱ्या घोड्याला तीच सावली आधी दिसते. समोरासमोरचे दिवे एकमेकांच्या सावल्या फिक्या करतात. घोड्याभोवती एक गडद सावली राहण्याऐवजी चार-पाच फिकट सावल्या पसरतात, आणि त्यांच्याकडे तो फारसे लक्ष देत नाही.

छपराखालच्या रिंगणाची समस्या दिवसाच सुरू होते. पत्र्याच्या शेडमध्ये उजेड यावा म्हणून मधूनमधून पारदर्शक पत्रे टाकतात. दुपारी त्यांतून उन्हाचे लख्ख चौकोन वाळूवर पडतात, आणि चांगला समजूतदार घोडाही त्या चौकोनांवरून डबके ओलांडल्यासारखी उडी मारतो. पत्रे पारदर्शक न घेता दुधी घ्यावेत आणि ते छपराच्या कण्याजवळ सलग पट्टीत बसवावेत. कवडसे पडत नाहीत. बाजू उघड्या असतील तर पश्चिमेकडून येणारी सायंकाळची तिरीप शेडनेट लावून अडवावी लागते. आतले दिवे छपराच्या कैच्यांच्या वर टांगू नयेत; लोखंडी कैचीची जाळीदार सावली साऱ्या जमिनीवर उमटते. कैचीच्या खालच्या पट्टीच्या पातळीला, रिंगणाच्या लांबीला समांतर दोन किंवा तीन ओळींत दिवे लावावेत. छताचा आतला भाग पांढरा रंगवला की पार्श्वभूमी उजळते आणि दिव्याची चकाकी बोचत नाही. व्हिएन्नातल्या स्पॅनिश रायडिंग स्कूलची हिवाळी शाळा १७२९ ते १७३५ या काळात बांधली गेली. ५५ मीटर लांब, १८ मीटर रुंद, १७ मीटर उंच दालन, पांढऱ्या भिंती, दोन्ही बाजूंना उंच खिडक्या. विजेचा दिवा यायच्या दीडशे वर्षे आधीची ही वास्तू आहे, पण सर्व बाजूंनी मऊ उजेड हे तत्त्व तिथे पुरेपूर पाळलेले दिसते. आजच्या बंदिस्त रिंगणांत स्वाराला आपली बैठक पाहता यावी म्हणून भिंतीवर मोठे आरसे असतात. त्यांत दिव्यांचे प्रतिबिंब सरळ डोळ्यांत येत नाही ना, हे आरसे टांगतानाच बघावे लागते.

दिव्यांच्या प्रकारात आता फारसा वाद उरलेला नाही. दहा-पंधरा वर्षांपूर्वीपर्यंत मैदानांवर मेटल हॅलाइडचे दिवे असत, काही ठिकाणी नारिंगी उजेडाचे सोडियमचे. दोन्ही पेटून पूर्ण उजेड द्यायला काही मिनिटे घेत. वीज क्षणभर जरी गेली, तरी मेटल हॅलाइडचा तापलेला दिवा दहा-पंधरा मिनिटे पुन्हा पेटत नसे. पाठीवर शिकाऊ मूल असलेला घोडा, समोर अडथळे आणि पंधरा मिनिटांचा अंधार, असा तो प्रसंग. एलईडी लगेच पेटतो, मंद करता येतो आणि कमी वीज खातो. निवडताना चार-पाच गोष्टी पाहाव्यात. रंगछटा ४,००० केल्विनच्या आसपास, म्हणजे ना पिवळट ना निळसर. रंग ओळखू येण्याचा निर्देशांक ७० च्या वर. धूळ आणि पावसापासून संरक्षणासाठी आयपी ६५ किंवा ६६. चढउतार होणाऱ्या व्होल्टेजला तोंड देणारा ड्रायव्हर, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारे मंडल, आणि विजेच्या अचानक उसळीपासून संरक्षण. स्वस्त ड्रायव्हरचे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. साध्या नजरेला ते कळत नाही, पण सरावाचे चित्रीकरण मोबाइलवर मंदगतीने पाहिले की चित्र फडफडते, आणि शिक्षकाला घोड्याचे पाऊल नीट तपासता येत नाही.

वीज जाणे ही आपल्याकडची गृहीत धरायची गोष्ट आहे, आणि अनेकदा तीनपैकी एकच फेज जाते. वरच्या उदाहरणात प्रत्येक खांबावर तीन दिवे आहेत. ते तीन वेगवेगळ्या फेजांवर जोडले, तर एक फेज गेल्यावर सगळीकडचा उजेड एकतृतीयांशाने कमी होतो, पण सारखेपणा टिकतो. तेच एका बाजूचे सारे दिवे एका फेजवर असतील तर अर्धे रिंगण काळोखात बुडते. एका खांबावर तीन फेज आल्यामुळे दुरुस्तीच्या वेळी तिन्ही एकदम तोडणारा स्विच मात्र हवाच. जनरेटर सुरू व्हायला लागणारे दहा-वीस सेकंदही लांब असतात. म्हणून समोरासमोरच्या दोन-चार दिव्यांना बॅटरीचा आधार ठेवावा, आणि अंधार झाल्याक्षणी घोडा थांबवून जागीच उभे राहायचे, हा नियम शिकाऊंना पहिल्या आठवड्यातच शिकवावा. त्या अंधारात पहिल्या क्षणी अडथळा ना घोड्याला नीट दिसत असतो, ना स्वाराला. लगाम ओढून वळवण्याच्या गडबडीत अपघात होतात.

वीज आणि घोडा यांचे नाते आणखी एका कारणाने नाजूक आहे. घोड्याच्या पुढच्या आणि मागच्या पायांत दीडेक मीटरचे अंतर असते, पायांना लोखंडी नाल असते आणि खाली ओली वाळू. जमिनीत वीज झिरपत असेल तर माणसाला जेमतेम झिणझिण्या येतील एवढ्या दाबातही घोडा कोसळू शकतो. १२ फेब्रुवारी २०११ रोजी इंग्लंडमधल्या न्यूबरी रेसकोर्सवर शर्यतीपूर्वी फेरी मारताना दोन घोडे पडले आणि मेले. कारण निघाले जमिनीखालच्या जुन्या केबलमधून झिरपणारी वीज. त्या दिवशीच्या पुढच्या शर्यती रद्द झाल्या. रिंगणाच्या आतून किंवा घोड्यांच्या वाटेखालून केबल नेऊच नये. बाहेरून न्यावी, पाइपातून, खोल, आणि तिचा नकाशा भिंतीवर लावून ठेवावा. प्रत्येक खांबाला स्वतंत्र अर्थिंग, प्रत्येक सर्किटला गळती होताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच (आरसीसीबी), आणि पावसाळ्यापूर्वी दरवर्षी तपासणी. बजेट कापायची वेळ आली तर दिवे कमी करावेत. यातले काहीही कमी करू नये.

धूळ हा रिंगणातल्या दिव्याचा रोजचा वैरी. वाळूचे कण काचेवर बसतात, तबेल्याजवळच्या हवेतला अमोनिया धातू खातो, पावसाळ्यात किडे झोताभोवती घोंघावतात आणि मरून काचेला चिकटतात. वर्षातून दोनदा काचा पुसल्या नाहीत, तर हिशेबातला ०.८ चा गुणक खोटा पडतो. किडे निळसर, अतिनील अंश असलेल्या उजेडाकडे अधिक येतात. एलईडीत अतिनील नसल्यासारखाच असतो, त्यामुळे जुन्या दिव्यांपेक्षा त्रास कमी. शिडी न लावता दिवे खाली आणता येतील असे दुमडणारे खांब मिळतात, आणि घोडे असलेल्या जागेत क्रेन बोलावण्यापेक्षा ते परवडतात. कोकणपट्टीत खारी हवा आणि वादळी वारा दोन्ही असल्याने जस्ताचा मुलामा दिलेले खांब आणि वाऱ्याच्या दाबाचा हिशेब केलेला पाया हवा. त्यासाठी आयएस ८७५ हे भारतीय मानक आहे.

रिंगण आणि तबेला यांच्यामधली वाट बहुधा विसरली जाते. दोनशे लक्सांतून घोडा बाहेर पडतो आणि दोन पावलांत काळोखात जातो. त्या वाटेवर वीस-तीस लक्सांचे बुटके, झाकलेले दिवे, आणि फाटकाशी त्याहून थोडा जास्त उजेड असला की डोळ्यांना उतरंड मिळते. घोडा बाहेर नेण्याआधी त्याला मंद केलेल्या दिव्यांखाली पाच मिनिटे चालवून थंड करण्याची पद्धतही चांगली. डोळे आणि श्वास दोन्ही जागेवर येतात. घोडे आत असताना सगळे दिवे एकदम लावू किंवा बंद करू नयेत.

तबेल्यात रात्री उशिरापर्यंत शिरणारा उजेड निरुपद्रवी नसतो. घोडी लांब दिवसांच्या ऋतूत माजावर येते. समशीतोष्ण देशांतले पैदासकार हिवाळ्यात तबेल्यात दिवे लावून रोज सोळा तासांचा दिवस तयार करतात, म्हणजे दोनेक महिन्यांत घोडी नेहमीपेक्षा लवकर माजावर येते. त्याच उजेडाने हिवाळी केसही लवकर झडतात. महाराष्ट्रात वर्षभरात दिवसाची लांबी दोनेक तासांनीच बदलते, त्यामुळे इथे हा परिणाम सौम्य. तरी झोपेच्या वेळी तबेल्यावर झोत येऊ नये, हे बरे. शेजाऱ्यांच्या खिडक्यांनाही तोच न्याय. काच आडवी, झोत खाली, आणि ठरलेल्या वेळी आपोआप दिवे बंद करणारा टायमर, एवढ्यात बरीच भांडणे टळतात.

काम झाल्यावर कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता लगेच देऊ नये. ६० बाय २० मीटरच्या रिंगणाचे पाच-पाच मीटरचे ४८ चौकोन आखावेत, अंधार पडल्यावर प्रत्येकाच्या मधोमध जमिनीलगत लक्समीटर ठेवून आकडे लिहावेत. मोबाइलमधल्या अॅपवर विसंबू नये. लक्समीटर भाड्याने मिळतो. सरासरी आणि सर्वांत कमी आकडा आराखड्याशी जुळला की मग घोडा आणावा. तोही क्लबातला सर्वांत शांत, म्हातारा घोडा नव्हे, तर थोडा तरणा आणि चौकस. त्याला डावीकडून आणि उजवीकडून, दोन्ही दिशांनी चालीने, मग दुडकीने फिरवावे, आणि तो कुठे कान टवकारतो, कुठे वाट सोडून आत सरकतो ते मोतद्दाराकडून कागदावर टिपून घ्यावे. त्या जागांवरचे दिवे फिरवून घेतल्यावरच पैसे चुकते करावेत.